भाजणीचं वर्ष

"दिवाळीला कुणी भाजणी मागवतं का? करंज्या नकोत म्हणे. अनारसे नकोत. भाजणी पाठव, दोन किलो, आणि मेतकूट पाठव. आजारीबिजारी आहेस का रे, म्हटलं, तर हसला नुसता."

प्रमोदिनीबाई हे कुणाशी बोलत नव्हत्या. फळीवर पर्स टेकवून चष्मा पुसता पुसता स्वतःशीच कुरकुरत होत्या. पण हेमाच्या दुकानातलं काउंटर म्हणजे जेमतेम दीड हात रुंदीची ती फळी, आणि फळीच्या आतल्या बाजूला मालन उभी. शब्द न् शब्द तिच्या कानात पडला. तिने मान वर केली नाही. चकलीचं पाकीट काट्यावर ठेवलं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "थंडीत गरम थालीपीठ खावंसं वाटतं हो बाई मुलांना."

"ते आहेच," बाई लगेच सावरल्या. "आणि ऑफिसात तर म्हणे आपलं काही खायची चोरी. सगळे पाला खातात."

"हो ना."

एवढं बोलून दोघींनी तो विषय चादरीसारखा दोन टोकांना धरला आणि घडी घालून ठेवून दिला. प्रमोदिनीबाई म्हणजे शाळेतल्या बाई. मालनचा विनीत त्यांच्या हाताखाली पाचवी ते सातवी मराठी शिकलेला. त्यांचा स्वतःचा सुश्रुत त्याच शाळेत चार वर्षं पुढे. फळ्यावर नाव लागणारा मुलगा. आता दोघेही कॅनडात. त्यामुळे निवृत्त झाल्या तरी बाई बाईच राहिल्या होत्या, आणि मालन फळीच्या आतून का होईना, पालकच.

हेमाचं फराळाचं दुकान डोंबिवली पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळ्यांत. गणपती विसर्जन झालं की तिथे कढया चढतात. परदेशातलं पार्सल वेळेवर पोचायचं तर इथली दिवाळी महिनाभर आधीच तळून व्हावी लागते. आत पाच बायका तळायला, बाहेर मालन एकटी: वजन, पॅकिंग आणि पत्ते. पत्त्यांचं काम तिच्याकडे आलं ते अक्षरामुळे. दहावीला इंग्रजीत गचकलेली बाई. पण विनीत पहिलीत असताना त्याच्याबरोबर बसून तिनेही कॅपिटल अक्षरं गिरवली होती आणि ती अजून छापल्यासारखी येत. इंग्रजी बोलता येत नसे, लिहिता येत असे. हेमा म्हणायची, "अर्ध्या डोंबिवलीचं याच्या उलट असतं."

भिंतीला लागून प्लास्टिकचे क्रेट, एकेका देशाचा एकेक. अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आणि लंडन; लंडन म्हणजे अख्खं इंग्लंड. कुठला क्रेट किती भरला ते बघून हेमा रोज सकाळी शेअर बाजारासारखे भाव सांगायची. "जर्मनी वर चाललीय गं. लंडन थंड. कॅनडा पार बसला यंदा." तीन वर्षांपूर्वी कॅनडाला चार क्रेट पुरत नसत. तेव्हा त्या देशाला माणसं हवी होती. बाळकुमच्या एका हॉलमध्ये कॉलेजवाल्यांनी मेळावा भरवला होता, दारात टाय लावलेली मुलगी उभी करून, चहा-सामोसे देऊन मुलं गोळा केली होती. विनीत तिथूनच फॉर्म घेऊन आला. आता तिथल्याच पोरांना कामं मिळेनात आणि घरभाडी आभाळाला भिडलेली, तेव्हा बाहेरून आलेल्यांना कोण उभं करणार? क्रेट एकच होता, तोही अर्धा.

आणि जे जात होतं तेही बदललं होतं. मालनचं याबाबतीत स्वतःचं एक गणित होतं, ते तिने हेमालाही सांगितलं नव्हतं. पोराचं बरं चाललेलं असलं की घरचे करंज्या, चिरोटे, अनारसे पाठवतात. ऑफिसात वाटायला, गोऱ्या साहेबाला चाखवायला. पोराचं बिनसलं की यादीतून गोड उतरतं आणि पिठं चढतात. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, दाण्याची चटणी. ज्याने पोट भरतं ते. वाटण्यासारखं काही नाही, कारण ज्यांना वाटायचं ती माणसं आता रोज भेटत नसतात. कुठल्या देशात काय बिघडलंय ते पेपरात यायच्या आधी मालनला भाजणीच्या किलोंवरून कळायचं.

आणि तिच्या विनीतने मे महिन्यात, दिवाळी कुठच्या कुठे असताना, गावाहून आलेलं कुळथाचं पीठ मागवलं होतं. तीन किलो.

"पत्ता तोच ना?" मालनने बाईंना विचारलं.

गेल्या वर्षी याच प्रश्नाला बाईंनी सुश्रुतचा पत्ता दुकानभर ऐकू जाईल असा वाचून दाखवला होता. अठरावा मजला, खिडकीतून तळं दिसतं, त्या तळ्यासकट. आज त्यांनी पर्स उघडली आणि चौघडी घातलेला कागद फळीवर सरकवला. "बदललाय. ह्यांनी लिहून दिलाय बघा. ऑफिसच्या जवळ घेतलं त्याने."

"बरं झालं. जाण्यायेण्याची दगदग वाचली," मालन म्हणाली. बाई गेल्यावर तिने लेबल लिहिलं, पण शेजारी जर्मनीला पार्सल पाठवणाऱ्या एक आजी शंकरपाळ्यांवरून हुज्जत घालत होत्या. हात अक्षरं काढत गेला, डोक्यात काही शिरलं नाही.

तिच्या डोक्यात त्या आठवड्यात एकच गोष्ट होती. रसिका.

रसिका तिची धाकटी, सव्वीस वर्षांची. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये रक्त तपासते. पाच वर्षं कंत्राटावर काढली. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसायचं आणि दुसऱ्या दिवशी नव्याने लागायचं. आणि गेल्या सोमवारी तिथून पत्र आलं. कायम करत आहोत, शनिवारपर्यंत सही करून द्यावी. हेच पत्र दोन वर्षांपूर्वी आलं असतं तर मालनच्या नवऱ्याने, मारुतीने, बिल्डिंगमध्ये पेढे वाटले असते. पण त्याच्या पंधरा दिवस आधी दुसरं पत्र येऊन बसलं होतं. विनीत शिकला त्याच कॉलेजचं. जानेवारीत या म्हणून. दोन्ही पत्रं टीव्हीच्या मागे शेजारी शेजारी उभी होती आणि संध्याकाळी मालिका बघताना घरातलं प्रत्येक माणूस टीव्हीच्या थोडं वर बघत होतं.

रसिकाचं मन कॅनडाकडे होतं. मारुतीचंही. तो कोलशेतला कंपनीत मशीनवर. सकाळी साडेसहाला बस पकडतो, संध्याकाळी सहाला घरी. तीस वर्षांत कधी कुणाला सल्ला न दिलेला माणूस, तो या बाबतीत मात्र एकच वाक्य बोलायचा. "विनीत आहे ना तिथे."

हे वाक्य घराचा खांब झालं होतं. रसिकाच्या मैत्रिणी म्हणत, विनीतदादा आहे ना. वन्सं गावाहून फोनवर म्हणत, भाऊ आहे, राहायचा प्रश्न नाही, आणि बिचाऱ्याच्या जेवणाचंही बघेल पोर. यावर सगळे हसत. विनीत आहे, हे खरंच होतं. तो तिथे कसा आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

दोन वर्षांचा कोर्स, मग एका मालवाहतूक कंपनीत टेबलावरचं काम, अकरा महिने. एप्रिलअखेर कंत्राट संपलं. "रिन्यू होतंय, प्रोसेस चालू आहे," तो म्हणाला होता. त्यानंतर 'काम कसं चाललंय?' विचारलं की 'चाललंय' म्हणायचा. सहा महिने चाललंच होतं. मे महिन्यात ते कुळीथ दळून आणायला मारुती स्वतः गिरणीत गेला होता. परत आल्यावर पिशवी ओट्यावर ठेवून म्हणाला, "बारीक दळून आणलंय." आणि मालन म्हणाली, "बरं केलं."

गुरुवारी दुपारी कुरिअरची गाडी यायच्या आधी हेमा नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरसमोर बसली. तिची एक पद्धत होती. सगळी पार्सलं पिनकोडने लावायची आणि एका घरात दोन जात असली तर एकाच खोक्यात घालायची. पहिला किलो सगळ्यात महाग पडतो. एक खोका वाचला की गिऱ्हाईक खूष. नवराबायकोच्या दोन्हीकडच्या आया कधीकधी एकमेकींना न सांगता पार्सल पाठवत, ते हेमाच्या खोक्यात एकत्र येत. त्यावरून झालेली भांडणंही तिने निस्तरली होती.

"मालन, इकडे ये जरा," ती ओरडली. "झोपेत पत्ते लिहितेस काय गं? सुश्रुतच्या पाकिटावर विनीतचा पत्ता टाकलायस."

मालन हात पुसत आली. स्क्रीनवर दोन ओळी, एकीखाली एक. घर नंबर तोच, रस्ता तोच, आणि शेवटी ती चार अक्षरं, बी एस एम टी. त्या अक्षरांना मालन पहिलं वर्षभर वेगळंच समजत होती. ठाण्याची टीएमटी, कल्याण-डोंबिवलीची केडीएमटी, तशी ही तिथली बस असणार. पोराचं घर डेपोजवळ आहे, चला, सोय झाली. गेल्या दिवाळीत विनीतला म्हणाली तर तो पोट धरून हसला. "अगं आई, बेसमेंट. तळघर." तीही हसली होती. मग फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्याशी उभी राहिली होती.

"चूक माझीच असेल," ती म्हणाली आणि टाचलेला कागद काढून उघडला. शाईच्या पेनाने काढलेलं, किंचित उजवीकडे झुकलेलं, बँकेतल्या माणसाचं अक्षर. घर नंबर तोच. रस्ता तोच. शेवटी बी एस एम टी.

"त्यांचाच कागद चुकला असेल," हेमा म्हणाली. "फोन लाव."

फोन बाईंच्या यजमानांनी, बँकेतून निवृत्त झालेल्या हरिहरकाकांनी घेतला. मालनने सांगितलं, काका, पत्ता एकदा तपासून घ्यायचा होता. "मी येतो," एवढंच ते म्हणाले.

वीस मिनिटांत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जणू अजून बँकेत जायला निघाले असावेत. फळीवर त्यांचा कागद आणि विनीतच्या पार्सलचं लेबल शेजारी शेजारी ठेवलं होतं. काकांनी चष्मा वर करून एक वाचला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "माझंच अक्षर आहे."

"हो, अक्षर ओळखलं मी."

"तुमच्या विनीतचाही हाच का?"

"हाच. दोन वर्षं झाली."

"अस्सं." त्यांनी कागदाची घडी होती तशी घातली. "म्हणजे मुलं एकत्र आहेत."

"बरंच झालं की काका. एकमेकांना सोबत."

"हो हो. सोबत महत्त्वाची. आणि सुश्रुतला ऑफिस जवळ पडतं तिथून."

"विनीतलाही."

"उत्तम."

"मज्जा आहे," कॉम्प्युटरमागून हेमा म्हणाली, "सगळी ऑफिसं त्या एकाच घराजवळ काढलेली दिसतायत." आणि म्हणताक्षणीच जीभ चावून कीबोर्डवर वाकली. आत कुणीतरी शेव पाडत होतं. तेलाचा आवाज तेवढा आला.

काकांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. एकत्र पाठवायचं का, मालनने विचारलं, एक खोका वाचेल. चालेल, म्हणाले. नाव कुणाचं घालू? "विनीतच्या नावाने पाठवा. आमच्या चिरंजीवांचं नाव दारावर लागलं नसेल अजून."

जायला वळले आणि पुन्हा फळीशी आले. आवाज खाली. "मालनताई, आमच्या घरी हे, म्हणजे पत्ता एकच वगैरे, बोलू नका. ती मैत्रिणींना फोनवर सुश्रुतच्या नव्या घराचं सांगत असते ना. तिला आधार आहे त्याचा."

"नाही बोलणार काका."

"तुमची मुलगीही चाललीये ना?"

"ठरतंय. शनिवारी हॉस्पिटलला कळवायचंय. कायमचं पत्र आलंय तिला, पण ती नको म्हणणार."

हरिहरकाका तिच्याकडे बघत राहिले. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. मालनला ते दिसलं, कारण तेच ती मे महिन्यापासून रोज गिळत होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं.

"हुशार आहे मुलगी," ते म्हणाले आणि गेले.

खोका मालननेच भरला. खाली चकल्या, त्यावर शेव, कडेने चटणीची पाकिटं. सुश्रुतची दोन किलो भाजणी. विनीतसाठी तिने स्वतः बांधलेली दोन किलो. चार किलो भाजणी आणि दोन पोरं, जी घरात कधी परातीला शिवली नव्हती. कोण थापणार थालीपिठं? आणि विचार पुरा व्हायच्या आत तिला चित्र दिसलं. ते तळघर, वर छताला टेकलेली बोटभर खिडकी, आणि ओट्याशी रसिका. केस वर बांधलेले, हाताला पीठ, तव्यावर थालीपीठ, आणि मागे विनीत जेवतोय. गरम. पोटभर. मालनला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आणि हातातली चिकटपट्टी तशीच राहिली.

त्या चित्रात रसिका कुठे कामाला जात नव्हती. तिच्या अंगात लॅबचा पांढरा कोट नव्हता. पुस्तकही नव्हतं. पोरीची पाच वर्षांची खटपट, सुट्टीच्या दिवशी बसून केलेला इंग्रजीचा अभ्यास, यातलं काहीच मालनने त्या खोलीत नेलं नव्हतं. फक्त तिचे हात नेले होते.

"झोप लागली काय?" हेमा म्हणाली. "गाडी आलीये."

मालनने पट्टी ओढली, दाताने तोडली, खोका बंद केला.

शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला विनीतचा व्हिडिओ कॉल आला. तिथे सकाळचे दहा. रसिकाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. मारुती जेवायला बसलेला. मालन भाकऱ्या थापत होती, तिथून तिला फोन तिरका दिसत होता. विनीत घरातच जाड जॅकेट घालून बसला होता. दाढी वाढलेली.

"दादा, काय हे? हिमालयात गेलायस काय?"

"स्टाईल आहे ती. तुला नाही कळणार."

"स्टाईल करायला बघणारी पण लागते कुणीतरी."

"तू ये, मग शोध."

दोघं हसली. मारुतीही भाकरीचा तुकडा हातात धरून हसला. रसिकाने वही उघडली. तिच्याकडे प्रश्नांची यादी होती. जाड कोट इथून घ्यायचा की तिथून? कुकर आणायचा का? खोलीला कपाट आहे? विनीत उत्तरं देत होता. कपाट नाही, पण रॉड आहे. कुकर आण. कुकर नक्की आण.

"सुश्रुत कसा आहे?" मालनने भाकरी उलटता उलटता विचारलं.

फोनमधला चेहरा क्षणभर अडकल्यासारखा झाला. नेटमुळे असेल. "कोण, सुश्रुतदादा? तुला कुणी सांगितलं?"

"एका घरात राहता ना."

"हां. ऑगस्टमध्ये आला. त्याने सांगू नको म्हटलेलं." विनीतने बाजूला बघितलं. त्याच्या मागे, लोखंडी पलंगाच्या वरच्या मजल्यावर, पांघरुणाचा ढीग जरासा हलला. "त्याला ऑफिस जवळ पडतं म्हणून आला."

"आज शुक्रवार ना? सुट्टी का त्याला?"

"वर्क फ्रॉम होम."

"आणि तुला?"

"मलापण," विनीत म्हणाला.

"चांगलंय," मारुती म्हणाला. "घरबसल्या पगार." हे त्याने ताटाकडे बघून म्हटलं. मालनने नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात या माणसाला खोटं बोलताना तिने दोनदाच पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा तो ताटाकडे बघत होता.

"अरे ते जाऊ द्या ना सगळं," रसिका म्हणाली. तिने टीव्हीच्या मागून हॉस्पिटलचं पत्र आणलं, सोबत एक कोरा कागद. "दादा, मी उद्या त्यांना नाही म्हणून देतेय. फायनल. मॅडम वेड्यासारख्या बघणार आहेत माझ्याकडे. फक्त तू एकदा सांग. मला काम मिळेल ना तिथे? लॅबचा पाच वर्षांचा अनुभव आहे माझा."

"मिळेल गं. काहीतरी मिळतंच."

"काहीतरी म्हणजे? लॅबमध्ये?"

"लॅबसाठी त्यांचं लायसन लागतं, ते वेगळं. आधी दुसरं काहीतरी. कॉफीशॉप, गोडाऊन." तो थांबला, दाढीवरून हात फिरवला. "तिथेही आता लायनी असतात म्हणा. पण कुणीतरी ओळखीचं निघतं. ये तू. ये ना, आपण बघू."

ते 'ये ना' त्याने लहानपणी तापात म्हणायचा तसं म्हटलं होतं. रसिकाला त्यात बोलावणं ऐकू आलं आणि तिचा चेहरा उजळला. "बघ आई! आणि तू म्हणत होतीस दादा काही बोलत नाही." मग बापाकडे वळून, "बाबा, पेन द्या."

मारुतीने डाव्या हाताने खिशातलं पेन काढून दिलं. "लिही," म्हणाला. "भाऊ आहे तिथे."

रसिकाने कागद गुडघ्यावर ठेवला. तारीख घातली. 'माननीय मॅडम' लिहिलं, खाली रेघ मारली. मालनने तव्यावरची भाकरी काढली, गॅस बंद केला, आणि परातीतल्या पिठाने माखलेले हात तसेच घेऊन येऊन लेकीसमोर जमिनीवर बसली. तिची पाठ फोनकडे होती.

"रसिका, पेन ठेव."

"आई, आता नवं काही सुरू नको ना करूस. ठरलंय सगळं."

"ठेव म्हणते ना."

रसिकाने पेन ठेवलं नाही, पण लिहायची थांबली. मारुतीचा हात ताटात थांबला होता. फोनमधून विनीत म्हणाला, "आई?" आणि मग घाईने, "आई, नको," पण मालनने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर तिच्याच्याने झालं नसतं.

"विनीतला काम नाहीये," ती म्हणाली. "मे महिन्यापासून नाहीये. सुश्रुतला नाही, याला नाही. मला माहीत होतं, तुझ्या बाबांना माहीत होतं, आणि तरी तुला चाल म्हणत होतो. तुझं भलं व्हावं म्हणून नाही गं. माझा पोरगा तिथे एकटा पडलाय, म्हणून मी तुला पाठवत होते."